तिसऱ्या पेगच्या आधी

सोलापुरात विजापूर रोडला एका परमिट रूममध्ये मी कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा आहे. फॅमिलीवाल्यांना जेवायला पुढची खोली, आत बसायचा हॉल, आणि मागे उघडी जागा. उन्हाळ्यात सगळी गर्दी त्या मागच्या जागेत. एमआयडीसीतली माणसं येतात, पॉवरलूमवरची येतात, औषध कंपन्यांचे एमआर येतात, लग्नसराईत वऱ्हाडं येतात. वेटर म्हणून लागलो तेव्हा मला एकच काम शिकवलं होतं: ग्लास संपत आला की टेबलाशी जायचं आणि ‘रिपीट?’ विचारायचं. कुणाला थांबवायचं, कधी थांबवायचं, कसं ओळखायचं, यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. या धंद्यात ते आपोआप कळतं असंच सगळे धरून चालतात. ते आपोआप कळत नाही, शिकावं लागतं. आम्ही ते कसं शिकलो, ते इथं लिहितोय. बारमध्ये काम करणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

सुरुवात आमच्या शेठमुळे झाली. त्यांच्या नात्यातला एक तरुण रात्री बारमधून निघून मोटारसायकलवर घरी जाताना पडला आणि कायमचा अधू झाला. तो आमच्याकडे बसलेला नव्हता. पण शेठ म्हणाले, आपल्याकडून रोज रात्री किती जण तसेच उठून जातात, याचा आपण कधी विचार केलाय का? त्यांचा भाचा ऑस्ट्रेलियात बारमध्ये काम करून आलेला. तिकडं दारू वाढणाऱ्याला आधी एक कोर्स करावा लागतो, त्याला आरएसए म्हणतात, म्हणजे जबाबदारीनं दारू वाढणं. शेठनी त्याला गळ घातली. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं त्या वेळात त्यानं आम्हाला बसवून शिकवायला सुरुवात केली. वेटर, बारमन, पार्किंगवाला, अगदी भाकऱ्या करणाऱ्या मावशींनाही त्यानं बोलावलं. मावशींना कशाला, असं काही जण पुटपुटले. पुढं कारण कळलं: स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची सगळी जागा दिसते, आणि बाथरूमकडं जाणारा रस्ता तिथूनच आहे.

पहिल्या दुपारी त्यानं टेबलावर एक साडेसहाशे मिलीची स्ट्राँग बिअर ठेवली आणि शेजारी तीस मिलीचे पेग भरून ठेवायला सांगितले. म्हणाला, या बाटलीत जेवढी दारू आहे तेवढे पेग ओता. कुणी एक ओतला, कुणी दोन. त्यानं हिशेब फळ्यावर मांडला. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांपर्यंत असते, साडेसहाशे मिली धरली तर ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे एक बाटली बरोबर चार छोटे पेग. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा. आमच्यातला सगळ्यात जुना वेटर म्हणाला, ‘आण्णा, आजपर्यंत तीन बिअरवाल्याला आम्ही साधा माणूस समजत होतो की हो.’ त्या तीन बिअर म्हणजे बारा पेग. दोन क्वार्टर रिचवलेल्या माणसाकडं आम्ही डोळ्यात तेल घालून बघायचो, आणि तेवढीच दारू पोटात घेऊन बसलेल्या बिअरवाल्याकडं बघायचोही नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. दिवसभर घामानं निथळलेला माणूस संध्याकाळी येतो, त्याला तहान लागलेली असते, आणि तो ती तहान गार बिअरनं भागवतो. पहिली बाटली दहा मिनिटांत संपते. पोट रिकामं, त्यामुळं लवकर भिनते. पहिल्या बाटलीचा पूर्ण परिणाम दिसायच्या आत दुसरी आलेली असते. रिकाम्या पोटी अर्ध्या-पाऊण तासात आणि जेवून बसलेला असेल तर तासा-दीड तासानं दारू रक्तात सर्वात वर पोचते. म्हणजे आपल्यासमोर बसलेला माणूस आत्ता जसा दिसतोय, ती त्याची अर्ध्या-पाऊण तासापूर्वीची दारू असते. हे डोक्यात बसल्यावर पहिला बदल आम्ही केला: बसल्या बसल्या टेबलावर पाण्याचा जग आणि ग्लास, न मागता. लगेच भाकरी-मटण नसेल घ्यायचं तर निदान काहीतरी पोटभरीचं विचारायचं. खारे शेंगदाणे आणि पापड दोन्हीवर मीठ असतं, मीठ खाऊन तहान वाढते, म्हणून नुसता चकना पुरत नाही.

पण खरं शिकणं पुढं होतं. चढलेली ओळखायची कशी?

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की ते सोपं आहे. झोकांड्या जातात, जीभ जड होते, डोळे लाल होतात. भाचा म्हणाला, झोकांडी जाते तेव्हा तुम्ही एक तास उशिरा पोचलेला असता. पाय सगळ्यात शेवटी जातात. आधी जातो तो विचार, आवर, भान. मग बोलणं आणि नजर. मग हातांची कामं. मग चाल. आणि बसलेला माणूस चाल दाखवतच नाही. खुर्चीत तो ठणठणीत वाटतो. म्हणून बाथरूमला जाता-येताना बघायचं. आमच्याकडं बाथरूमच्या दारात एक छोटी पायरी आहे. जाताना ती सहज चढलेला माणूस परत येताना भिंतीला हात लावतोय का, हे मावशींना खिडकीतून दिसतं. त्या आता वेटरला हाक मारून नुसतं टेबलाचं नाव सांगतात, बाकी काही बोलत नाहीत.

पहिल्या टप्प्याच्या खुणा वेटरच्या डोळ्यांना दिसतात, बाकी कुणाला नाही. छोटा घेणारा माणूस अचानक मोठा मागतो. सोडा नको म्हणतो. आधीचा ग्लास अर्धा असताना पुढचा सांगतो. चकन्याला हात लावायचा थांबतो. बिल बघण्याआधीच टिप काढून ठेवतो, किंवा शेजारच्या टेबलाची बिलं द्यायला निघतो. एकच गोष्ट पुन्हा सांगतो, आणि मित्र ‘सांगितलंस की बे’ म्हणाला तरी पुढं चालू ठेवतो. दुसऱ्या टप्प्यात हात बोलतात: काडी पेटवताना सिगारेटचं टोक सापडत नाही, यूपीआयचा पिन चुकतो, कोड स्कॅन करताना मोबाइल स्थिर राहत नाही, नोटा दोनदा मोजून तिसऱ्यांदा वेगळा आकडा येतो. प्रश्नाचं उत्तर यायला एक क्षण जास्त लागतो. मला विचाराल तर हा क्षणभराचा उशीर ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. लाल डोळे मात्र कामाचे नाहीत. लूमवरून आठ-दहा तास सुतात काम करून आलेल्या माणसाचे डोळे आमच्याकडं पहिल्या पेगच्या आधीच लाल असतात.

मोठ्या आवाजाचंही तेच. सोलापुरी माणूस घरात सुद्धा मोठ्यानं बोलतो. टेबलावर चार जण, एक तेलुगूत, एक कानडीत, दोघं मराठीत, सगळे एकदम. बाहेरगावचा कुणी ऐकेल तर त्याला भांडण वाटेल. आमच्या फळ्यावर ‘मोठा आवाज’ असं लिहिलेलं होतं, ते आम्ही खोडलं आणि त्या जागी लिहिलं: आला तेव्हा कसा होता?

या एका प्रश्नावर आमचं सगळं काम उभं आहे. एकच खूण कुणाचंच काही सांगत नाही. मुळात हळू बोलणारा, मुळात लंगडत चालणारा, मुळात तोतरा, मुळात तापट, अशी माणसं असतात. फरक बघायचा. त्यासाठी माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याच्याशी दोन वाक्यं बोलावी लागतात. ‘या मालक, आज उशीर? गाडीवर आलात का?’ इतकंच. त्यात त्याचा आवाज कळतो, चाल कळते, डोळ्याला डोळा देतो का ते कळतं, आधीच कुठं घेऊन आलाय का तेही कळतं, आणि गाडीवर आहे की नाही हेही कळतं. पूर्वी आम्ही गर्दीच्या वेळी नुसतं बोट दाखवून टेबल सांगायचो. आता गर्दी कितीही असो, ही दोन वाक्यं आम्ही टाळत नाही. ड्राय डेच्या आदल्या रात्री हॉल तुडुंब असतो, तेव्हाही नाही.

शिकवायला एक डॉक्टर ताईही आल्या होत्या. त्यांनी कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलेली. त्यांचं एक वाक्य मी लिहून ठेवलंय: ‘दारूसारखं दिसणारं सगळं दारू नसतं.’ साखर उतरलेला मधुमेही, डोक्याला मार बसलेला, अर्धांगाचा झटका आलेला, फिट येऊन गेलेला, काही औषधांची गुंगी असलेला, हे सगळे अडखळत बोलतात आणि तोल जाऊन चालतात. त्यातला मधुमेही तर आपल्या धंद्यात रोज येतो. दारू पोटात असताना लिव्हर नवी साखर तयार करायला मागं पडतं; इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील आणि माणूस जेवला नसेल, तर साखर धोकादायक खाली जाते. बाहेरून तो चढल्यासारखाच दिसतो.

हे शिकल्यावर काही दिवसांतच एक प्रसंग घडला. नेहमी येणारे एक काका, पूर्वी मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. संध्याकाळी आले ते घामानं चिंब, हात थरथरत होते, बोलणं चिकट. एक वेटर माझ्या कानाशी म्हणाला, ‘बाहेर टाकून आलेत, देऊ नका.’ मी जवळ गेलो. वास नव्हता. वास असता तरी किती घेतली हे वासावरून कळत नाहीच, पण अजिबात नसणं मला खटकलं. विचारलं, काका, साखरेची गोळी घेता का? मान हलवली. जेवलात? नाही. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून काउंटरवरून पाण्यात भरपूर साखर घालून दिली, वर साधा कोल्ड्रिंक दिला. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला, बोलणं सरळ झालं. मग पोळी-भाजी खायला घातली, मुलाला फोन लावला आणि त्या रात्रीच डॉक्टरकडं पाठवलं. त्यांना दारूडा समजून रिक्षात बसवून दिलं असतं, तर रिक्षात काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो. डॉक्टर ताईंनी बजावलेलं एक इथंही सांगतो: माणूस नीट शुद्धीत नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काही घालायचं नाही, साखरपाणीसुद्धा नाही. १०८ लावायचा.

त्यांनीच सांगितलेलं दुसरं. टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या माणसाला आमच्याकडं ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडून द्यायची रीत होती. झोपला तरी पोटातली दारू रक्तात येतच राहते, म्हणजे झोपेत माणूस आणखी खाली जाऊ शकतो. उलटी झाली आणि तो उताणा असेल तर ती श्वासनलिकेत जाते. आता कुणी डोकं टेकलं की वेटर खांद्याला हलवून नाव विचारतो. उत्तर आलं तर ठीक, सोबतच्याला त्याच्याजवळ लक्ष ठेवायला बसवतो. उत्तर नाही, श्वास मंद आहे किंवा मध्येच थांबतोय, अंग गार लागतंय, ओठ निळसर झालेत, यातलं काहीही असेल तर कुशीवर वळवायचं, जवळ थांबायचं आणि १०८. काळी कॉफी, लिंबू, ताक, डोक्यावर पाणी, यातल्या कशानंही दारू उतरत नाही. डोळे उघडतात, इतकंच. एक छोटा पेग अंगातून जायला तास-दीड तास लागतो आणि तो वेळ कुणालाही कमी करता येत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणाऱ्याच्या अंगातून ती सकाळी सात-आठपर्यंतही पुरती गेलेली नसू शकते, आणि सातला त्याला लूमवर उभं राहायचं असतं. हे मी लूमवाल्या गिऱ्हाइकांना सांगतो, आणि ते ऐकतात, कारण बोटं कुणाची कशी गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता नाही म्हणायचं कसं.

थांबवायची वेळच येऊ नये, यावर आमचा सगळा भर आहे. केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, प्रत्येक पेगची वेळ लिहितो. बारमन वेळा बघतो. तासात तिसरा आला की पुढचा देण्याआधी मला हाक. मी जाऊन बोलून येतो. टेबल हिरवं, पिवळं की लाल ते आम्ही एकमेकांत बोलतो. पिवळ्यावर ‘रिपीट?’ विचारणं बंद, गिऱ्हाईक मागेल तेव्हाच आणि सावकाश. त्या वेळात पाणी, सूप, भाकरी. ‘मालक, भाकरी आत्ता तव्यावरनं उतरलालीय, गरम आहे तोवर जेवून घ्या,’ हे वाक्य निम्म्या टेबलांवर चालतं. जेवायला बसलेला माणूस सहसा पुढचा पेग मागत नाही.

लालवर मात्र स्पष्ट नाही. ते वेटरनं म्हणायचं नाही, मी म्हणतो. मित्रांसमोर नाही. खुर्चीशेजारी वाकून, हळू आवाजात. ‘तुम्हाला चढलीय’ हे शब्द कधीच नाहीत, त्यावर वाद होतो आणि तो वाद कुणीच जिंकत नाही. ‘आण्णा, आज इथनं पुढं मी देऊ शकणार नाही. जेवण लावतो. उद्या या, मी आहे.’ अंगाला हात लावायचा नाही. टेबलावर जो सगळ्यात शुद्धीत आहे त्याला आधीच बाजूला घेऊन सांगायचं, म्हणजे तो आपल्या बाजूनं बोलतो. आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच. दुसऱ्या वेटरनं मागच्या दारानं दिलं तर पुढच्या वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही.

एका रात्री एका पुढाऱ्याच्या माणसांना मी थांबवलं. आवाज चढला, लायसनपर्यंत गोष्ट गेली. शेठ काउंटरवरून उठून आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, ‘हा म्हणतोय ते माझंच म्हणणं आहे.’ दुसरं काही बोलले नाहीत. त्या रात्री शेठ गप्प बसले असते तर हे सगळं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी संपलं असतं, कारण वेटर मालकाच्या चेहऱ्याकडं बघूनच ठरवतो. पगाराचंही तसंच आहे. वेटरची कमाई टिपवर आणि टिप बिलावर, मग तो बिल कशाला कमी करेल? शेठनी टिपा एकत्र करून वाटायला सुरुवात केली आणि मूळ पगार वाढवला. विक्री थोडी कमी झाली, पेगची. जेवणाची वाढली. फॅमिलीवाले जास्त यायला लागले.

गाडीचं सगळ्यात अवघड. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बारीक अंगाच्या माणसाची ती दोन छोट्या पेगांतच ओलांडली जाऊ शकते. पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड सांगून मोटारसायकलची किल्ली कुणी देत नाही. ‘गाडी आमच्या आतल्या पार्किंगमध्ये राहू द्या, सकाळी कधीही न्या, पैसे नाहीत’ असं म्हटलं की देतात. रात्रीच्या दोन-तीन ओळखीच्या रिक्षावाल्यांचे नंबर काउंटरवर चिकटवलेत. घरून भावाला, पोराला बोलवायला आम्ही आमचा फोन देतो. तरी काही जण किल्ली घेऊन निघतातच. तेव्हा पार्किंगवाला गाडी काढून द्यायला वेळ लावतो, तेवढ्यात मी सोबतच्यांना पुन्हा गाठतो. वयाचंही आता आम्ही तोंडदेखलं विचारत नाही. बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस, आणि शंका आली की ओळखपत्र. कॉलेजची पोरं चिडतात. चिडू देत.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. आम्ही थांबवलेला माणूस उठतो आणि चार दुकानं सोडून दुसऱ्या बारमध्ये बसतो. तिथं तो नवा गिऱ्हाईक असतो, त्याचा पहिला पेग कोरा मोजला जातो. म्हणून मी त्या रस्त्यावरच्या बाकीच्या कॅप्टनना जाऊन भेटलो. नावं सांगायची नाहीत, नुसतं ‘निळा शर्ट, इकडनं निघालाय, खूप झालीय’ एवढा फोन करायचा, असं सुचवलं. दोघं तयार झाले आणि आता तेही आम्हाला फोन करतात. एका ठिकाणच्या कॅप्टनला पटलंय, पण त्याच्या मालकाला नाही. शेठ म्हणालेत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की मी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलतो. मला तेव्हा सोबत न्या, असं मी सांगून ठेवलंय. त्या जॉबर काकांची परवानगी घेतलीय, त्यांची गोष्ट मी त्या मालकाला सांगणार आहे.